क्युबिटचा बिघाड हाच कणाचा पुरावा मानता येईल का?

आकाशवेडा (प्रश्न)

मी इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातून निवृत्त झालेला अभियंता आहे आणि भौतिकशास्त्राचे वाचन छंद म्हणून करतो. त्यामुळे प्रश्नाच्या मांडणीतच चूक असल्यास ती निःसंकोच दाखवावी.

2025 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना अतिवाहक विद्युत-मंडलांतील क्वांटम परिणामांसाठी मिळाले, तेव्हापासून मी अतिवाहक क्युबिटविषयी, म्हणजे विरोधाविना वीज वाहणाऱ्या धातूपासून बनवलेल्या, क्वांटम संगणकाच्या मूलभूत घटकाविषयी, जे हाती लागेल ते वाचतो आहे. त्यात एक गोष्ट वारंवार समोर येते. एमआयटीच्या गटाने 2020 मध्ये क्युबिटजवळ किरणोत्सारी तांबे ठेवून दाखवले की, आपल्या आसपासचा नैसर्गिक किरणोत्सार आणि वैश्विक किरण हेच पुढे क्युबिटच्या आयुष्याला मिलिसेकंदांच्या पातळीवर मर्यादा घालतील. पुढे 2022 मध्ये गूगलच्या गटाने 26 क्युबिट एकाच वेळी तपासत राहून असे नोंदवले की, साधारण दर 10 सेकंदांनी चिपवर चुकांचा एक लोंढा येतो, तो सर्व क्युबिटांवर पसरतो आणि सेकंदाच्या काही शतांशांत ओसरतो.

संगणक बांधणाऱ्यांना ही डोकेदुखी वाटत असली, तरी मला यात संवेदक दिसतो. माझे गणित असे आहे: क्युबिट साधारण 5 गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे त्याच्या दोन पातळ्यांतील अंतर सुमारे 20 मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. सिलिकॉनच्या साध्या शोधकात इलेक्ट्रॉन आणि विवर यांची एक जोडी निर्माण करण्यासाठी सुमारे 3.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्ची पडतात. याचा अर्थ क्युबिट सुमारे 1 लाख 80 हजार पट अधिक संवेदनशील झाला. हे बरोबर असेल तर कृष्णद्रव्याच्या (विश्वातील न दिसणाऱ्या, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवलेल्या द्रव्याच्या) हलक्या कणांच्या मागावर असलेल्या प्रयोगांनी आपली जुनी उपकरणे केव्हाच बाजूला ठेवायला हवी होती. तसे का झाले नाही? शिवाय क्युबिट मोजल्यावर शून्य किंवा एक एवढेच उत्तर मिळते, मग आलेल्या कणाची ऊर्जा किती होती हे त्यातून कसे कळणार?

मिलिकेल्विन

आकाशवेडा, आपली दिशा योग्य आहे, परंतु 20 मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट हा आकडा चुकीच्या जागी वापरला गेला आहे, आणि ही गल्लत इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

स्फटिकात कण आदळल्यावर तो क्युबिटला थेट शून्यातून एकात ढकलत नाही. आदळण्याची ऊर्जा स्फटिकात कंपनांच्या, म्हणजे फोनॉनच्या रूपाने पसरते. हे फोनॉन पृष्ठभागावरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ थरात शिरतात आणि तिथल्या कूपर जोड्या, म्हणजे अतिवाहकात जोडीने वावरणारे इलेक्ट्रॉन, फोडतात. जोडी फुटल्यावर जे दोन सुटे इलेक्ट्रॉन उरतात, त्यांना क्वासीपार्टिकल म्हणतात. हे क्वासीपार्टिकल भटकत जोसेफसन जंक्शनपर्यंत (दोन अतिवाहकांमधल्या पातळ विद्युतरोधी थराच्या सांध्यापर्यंत) आले आणि त्यातून पलीकडे गेले, तरच क्युबिटला काहीतरी घडल्याचे कळते. त्यामुळे खरा उंबरठा जोडी फोडण्याच्या ऊर्जेचा आहे. ॲल्युमिनियमसाठी ती सुमारे 0.36 ते 0.4 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे जवळपास 90 गिगाहर्ट्झ इतकी भरते. आपण धरलेल्या उंबरठ्याच्या ती सुमारे वीसपट आहे. त्याहून कमी ऊर्जेचा फोनॉन ॲल्युमिनियममधून असा निघून जातो, जणू तिथे काही नव्हतेच.

अर्थात हा उंबरठाही सिलिकॉनच्या 3.6 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या मानाने अतिशय खाली आहे. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पूर्णपणे जोड्या फोडण्यात गेली असे समजले, तर सुमारे 2,700 जोड्या फुटतील. प्रत्यक्षात बरीच ऊर्जा उंबरठ्याखालच्या फोनॉनमध्ये वाया जाते, परंतु उरते तीही मोजण्याजोगी असते.

ही आस कृष्णद्रव्यासाठी का, हेही आकड्यांतच पाहावे. आकाशगंगेतील कृष्णद्रव्याचे कण आपल्याजवळून प्रकाशाच्या वेगाच्या साधारण एक हजारांश वेगाने जात असावेत. त्यामुळे प्रोटॉनएवढ्या वस्तुमानाच्या कणाची गतिज ऊर्जा सुमारे 500 इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, त्याच्या एक हजारांश वस्तुमानाच्या कणाची सुमारे अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि दशलक्षांश वस्तुमानाच्या कणाची सुमारे अर्धा मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. हा शेवटचा आकडा ॲल्युमिनियमच्या उंबरठ्याच्या अगदी लगत आहे. शिवाय असा हलका कण सिलिकॉनच्या जड केंद्रकावर आपटून, भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा, जवळपास सगळी ऊर्जा घेऊनच परत फिरतो, म्हणून एकेका केंद्रकाच्या धक्क्याऐवजी संपूर्ण स्फटिकाची कंपने शोधावी लागतात. त्या कामात फोनॉन मोजणाऱ्या उपकरणाला पर्याय नाही.

20 मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टचा आकडा जिथे खरोखर लागू पडतो, असा क्युबिटचा एक निराळाच उपयोग आहे. त्यात कण आदळण्याची वाट पाहिली जात नाही. कृष्णद्रव्य अत्यंत हलक्या तरंगासारखे असेल आणि त्याचे क्वचित एखाद्या मायक्रोवेव्ह फोटॉनमध्ये रूपांतर होत असेल, तर तो एकटा फोटॉन अतिवाहक पोकळीत पकडायचा आणि शेजारच्या क्युबिटकडून मोजून घ्यायचा, अशी ती रीत आहे. शिकागो विद्यापीठ आणि फर्मिलॅब येथील संशोधकांनी 2021 मध्ये सुमारे 6 गिगाहर्ट्झवर हे करून दाखवले. पोकळीत फोटॉन असला की क्युबिटची वारंवारता किंचित सरकते, आणि हे तपासताना फोटॉन नष्ट होत नाही, म्हणून एकाच फोटॉनला पुन्हा पुन्हा विचारता येते. एखाद्या वेळी क्युबिटने चुकीचे उत्तर दिले तरी सलग तसेच चुकीचे उत्तर तो देत नाही. या युक्तीमुळे नेहमीच्या विवर्धकाच्या तुलनेत शोधाचा वेग सुमारे 1,300 पटींनी वाढला. ॲक्सिऑन या कृष्णद्रव्याच्या संभाव्य, अतिशय हलक्या कणासाठी हेच करताना मात्र अडचण येते, कारण ॲक्सिऑनचा फोटॉन होण्यासाठी प्रबळ चुंबकीय क्षेत्र लागते आणि तेच क्षेत्र अतिवाहकतेच्या मुळावर येते. त्यामुळे पोकळी चुंबकात आणि क्युबिट दूर, असा संसार मांडावा लागतो.

आपला प्रश्न या दुसऱ्या प्रकाराविषयी नसून पहिल्या प्रकाराविषयी आहे, असे मी समजतो.

कूपरची_जोडी

मिलिकेल्विन यांनी उंबरठ्याचा मुद्दा स्पष्ट केला आहेच. मी ‘शून्य किंवा एक यातून ऊर्जा कशी कळणार’ या प्रश्नाकडे वळतो, कारण अशाच उपकरणांच्या मोजणीत माझे दिवस जातात.

क्युबिट शून्यात आहे की एकात, हे आम्ही या कामासाठी मुख्यतः पाहत नाही. आम्ही पाहतो ती प्रभाराची समविषमता. जंक्शनच्या एका बाजूला असलेल्या धातूच्या लहानशा बेटावर इलेक्ट्रॉनची संख्या सम आहे की विषम, एवढाच प्रश्न असतो. कूपर जोडी ये-जा करते तेव्हा संख्या दोनने बदलते आणि सम असलेली समच राहते, पण एकटा क्वासीपार्टिकल जंक्शन ओलांडतो तेव्हा समाचे विषम होते. संगणकासाठीचा ट्रान्समॉन हा क्युबिटचा प्रकार मुद्दाम असा रचलेला असतो की त्याला या बदलाची जवळजवळ जाणीवच होऊ नये. 2007 मध्ये तो पुढे आला तो याच गुणामुळे. आम्ही त्याची रचना थोडी मागे नेतो आणि प्रभाराची संवेदनशीलता जाणूनबुजून परत आणतो, जेणेकरून सम आणि विषम या दोन स्थितींत त्याची वारंवारता मोजण्याइतकी वेगळी पडेल. मग दर काही मायक्रोसेकंदांनी समविषमता विचारत राहायचे. शांत काळात ती क्वचित उलटते. कण आदळला की काही काळ ती वेगाने उलटसुलट होऊ लागते आणि हळूहळू पुन्हा निवांत होते. किती वेळा उलटली, किती काळ उलटत राहिली आणि चिपवरच्या कोणत्या क्युबिटांत आधी उलटली, यावरून ऊर्जा आणि ठिकाण या दोन्हींचा अंदाज बांधता येतो. एकेक उत्तर होय-नाही असेच असते, पण त्यांच्या मालिकेतून मोजमाप तयार होते.

ही कल्पना आजची नाही. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील क्वांटम कपॅसिटन्स डिटेक्टर याच तत्त्वावर चालतो, आणि त्याने 2018 मध्ये 1.5 टेराहर्ट्झचे एकेक फोटॉन मोजल्याचे प्रसिद्ध झाले. अशा एका फोटॉनची ऊर्जा जेमतेम 6 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. ते उपकरण खगोलशास्त्रासाठी बांधले होते, कृष्णद्रव्यासाठी नव्हे. तरी मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पातळीवर एकेक घटना मोजणे शक्य आहे का, याचे उत्तर तिथे मिळून गेले आहे. स्टॅनफर्डजवळच्या स्लॅक प्रयोगशाळेतील गटाने ट्रान्समॉनला हेच काम देण्यासाठी ‘स्क्वॅट’ नावाची रचना मांडली आहे.

आता आपल्या मूळ गृहीतकातील दुसरी उणीव सांगतो. संगणकासाठी बांधलेली चिप जशीच्या तशी शोधक म्हणून वापरली, तर ती सुमार शोधक ठरते. चिपच्या पृष्ठभागाचा अगदी लहान भाग क्युबिटच्या ॲल्युमिनियमने व्यापलेला असतो आणि बाकीच्या जागेवर भू-जोडणीचा (अर्थिंगचा) धातू पसरलेला असतो. तोही ॲल्युमिनियमचा असेल तर फोनॉन तिथेच खर्च होतात आणि त्या खर्चाची नोंद कुठेच होत नाही. तो नायोबियमचा असेल तर परिस्थिती थोडी बरी असते, कारण नायोबियममधली जोडी फोडायला सुमारे 3 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि त्याखालचे फोनॉन त्याला न शिवता पुढे जातात. उरलेले फोनॉन चिप ज्या बैठकीवर बसवली आहे तिथून निसटतात. शोधकासाठी बांधायचे तर ॲल्युमिनियमचे रुंद पंख पसरून त्यात जोड्या फोडायच्या आणि सुटलेले क्वासीपार्टिकल जंक्शनपाशी कमी ऊर्जा-अंतराच्या, म्हणजे जोडी फोडायला कमी ऊर्जा लागणाऱ्या, धातूत अडकवायचे, असे करावे लागते. तिथे एकदा उतरलेला क्वासीपार्टिकल परत वर चढू शकत नाही आणि जंक्शन पुन्हा पुन्हा ओलांडत राहतो. पागोळ्यांचे पाणी पन्हळीने एका पिंपात आणावे, तसे हे आहे.

गंमत अशी की, संगणकवाले नेमके याच्या उलट करतात. ते जंक्शनच्या दोन बाजूंच्या ॲल्युमिनियमची जाडी वेगवेगळी ठेवतात, त्यामुळे दोन बाजूंच्या ऊर्जा-अंतरांत एक पायरी तयार होते आणि क्वासीपार्टिकलला जंक्शन ओलांडताच येत नाही. गूगलच्या गटाने या उपायाने लोंढ्यांचा उपद्रव पुष्कळ कमी केला. 2024 मध्ये त्यांनी विलो चिपवर पुनरावृत्ती संकेतांची (एकच माहिती अनेक क्युबिटांवर साठवून चुका पकडण्याच्या रीतीची) जी चाचणी प्रसिद्ध केली, तीत असे मोठे लोंढे साधारण तासाला एक इतके विरळ झाले होते. म्हणजे संगणकाची चिप जितकी सुधारेल, तितकी ती शोधक म्हणून निरुपयोगी होत जाईल. एकाच चिपमध्ये दोन्ही कामे साधण्याची आशा मी तरी सोडली आहे.

शंकासुर

नाव शंकासुर असल्याने शंका काढणे हे माझे कर्तव्यच आहे. वरील दोन्ही उत्तरे संवेदनशीलतेविषयी आहेत आणि त्यांतील मजकुराशी माझा वाद नाही. परंतु जुनी उपकरणे बाजूला का पडली नाहीत, या प्रश्नाचे खरे उत्तर मला वेगळ्या ठिकाणी दिसते.

पहिली गोष्ट, ‘जुनी’ म्हटलेली उपकरणे स्वस्थ बसलेली नाहीत. अतिवाहकतेच्या अगदी काठावर राखलेल्या टंगस्टनच्या पातळ पट्टीने तापमानातील सूक्ष्म वाढ मोजणारे संवेदक आज एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अंशापर्यंत पोहोचले आहेत. त्यांचे मोठे बलस्थान म्हणजे ऊर्जेच्या प्रमाणात मिळणारा सरळ संकेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. समविषमता उलटली, एवढ्याने ती कोणी उलटवली हे कळत नाही. 20 मिलिकेल्विन तापमानाला ॲल्युमिनियममध्ये उष्णतेमुळे फुटलेल्या जोड्या जवळपास नसायलाच हव्यात, तरीही प्रत्येक प्रयोगशाळेत त्या अपेक्षेपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळतात. रेफ्रिजरेटरच्या वरच्या, तुलनेने उबदार टप्प्यांवरून झिरपणारा अवरक्त प्रकाश जोड्या फोडतो, आणि क्युबिटच्या धातूचे आकारच त्या प्रकाशासाठी अँटेनासारखे वागतात. हा प्रकाश अडवता येतो, परंतु त्यानंतरही जे उरते ते अधिक त्रासदायक आहे.

कॅलिफोर्नियातील बर्कली येथील गटाच्या 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा मी नेहमी दाखला देतो. त्यांनी सिलिकॉनचे दोन सारखेच स्फटिक घेतले. एक नेहमीप्रमाणे डिंकाने बैठकीला चिकटवला आणि दुसरा बारीक तारांवर जवळजवळ ताणाविना लोंबकळत ठेवला. चिकटवलेल्या स्फटिकात कमी ऊर्जेच्या फोनॉन-घटना शंभरपटीहून अधिक आढळल्या, आणि थंड केल्यापासून जसजसे दिवस गेले तसतसा त्यांचा दर कमी होत गेला. कारण साधे आहे. डिंक आणि सिलिकॉन थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, मधे ताण साठतो, आणि तो ताण कुरकुरत, तडतडत, आठवडेच्या आठवडे सैल होत राहतो. रात्री गारवा पडल्यावर जुन्या घराचे लाकडी वासे आवाज करतात, तोच प्रकार इथे अणूंच्या पातळीवर चालू असतो. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाच्या गटालाही 2022 मध्ये असेच दिसले होते. त्यांचे ॲल्युमिनियम थंड केल्यानंतर दिवसागणिक अधिकाधिक स्वच्छ होत गेले, आणि अखेरीस सेकंदांच्या मापाने क्वासीपार्टिकलमुक्त राहू लागले.

कृष्णद्रव्य मात्र रेफ्रिजरेटर कधी सुरू केला हे पाहून येत नाही. म्हणून दिवसागणिक घटणारा संकेत दिसला की तो कृष्णद्रव्याचा नाही एवढे निश्चित म्हणता येते. पण घटत घटत जो उरतो, तो काय आहे? कमी ऊर्जेच्या या जादा घटना जगभरच्या निरनिराळ्या शोधकांमध्ये दिसतात, आणि त्यांचे एकच कारण आजही हाती लागलेले नाही. उंबरठा हजारपट खाली नेला म्हणजे ही कुरकुर हजारपट स्पष्ट ऐकू येणार. ज्या खोलीत आधीच गलका आहे, तिथे अधिक तीक्ष्ण कानांचा माणूस बसवण्याने कुजबुज ओळखता येईलच असे नाही.

आकाशवेडा

तिघांचेही मनापासून आभार. उंबरठ्याची चूक लक्षात आली. माझ्या शालेय चुकीवर कोणी हसले नाही, याचेही कौतुक वाटले.

दोन उपप्रश्न आहेत. जमिनीखाली खोल गेल्यास शंकासुर यांचा आक्षेप कितपत कमी होतो? आणि आपल्याकडे, भारतात, या दिशेने काही करता येण्यासारखे आहे का? कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले होते, हे माझ्या पिढीला अभिमानाने सांगितले जात असे.

मिलिकेल्विन

खोल जाण्याचा लाभ आहे, पण तो अर्धाच आहे. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन, म्हणजे वैश्विक किरणांमुळे वातावरणात जन्मणारा भेदक कण, जातो. गूगलच्या चिपएवढ्या क्षेत्रफळावर त्यातून दर 10 सेकंदांना एक असा दर निघत नाही, याचाच अर्थ बाकीचे लोंढे अन्य कशाचे तरी असले पाहिजेत. एमआयटीच्या गटाने नंतर क्युबिटभोवती म्युऑन ओळखणारे पटल लावून हे थेट तपासले. त्यांच्या चिपवरील एकाच वेळी येणाऱ्या चुकांपैकी सुमारे 17 टक्केच वैश्विक किरणांच्या निघाल्या. उरलेल्यांमध्ये भिंती, काँक्रीट आणि खुद्द उपकरणाच्या सुट्या भागांतील किरणोत्साराचा वाटा मोठा असणार. खडकाने म्युऑन अडतात, पण खडक स्वतः गॅमा किरण सोडतो, म्हणून खाली गेल्यावरही शिशाची भिंत लागतेच. इटलीतील ग्रान सासो येथे अतिवाहक अनुनादकांवर 2021 मध्ये जो प्रयोग झाला, त्यात खडक आणि शिसे दोन्ही मिळून लोंढ्यांचा दर तीसपट घटला. फर्मिलॅबने तर क्युबिटसाठी जमिनीखाली सुमारे 100 मीटरवर एक आणि जमिनीवर एक, अशी जोडीच उभारली आहे. खालच्या प्रयोगशाळेचे नाव ‘क्वाएट’ आणि वरच्या प्रयोगशाळेचे ‘लाऊड’ आहे.

डिंकाची कुरकुर मात्र दोन किलोमीटर खाली नेली तरी तेवढीच राहील. तिथे शंकासुर यांचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे.

कूपरची_जोडी

भारताविषयी थोडक्यात. या कामाला दोन गोष्टी लागतात: चांगले क्युबिट बनवण्याची कला आणि शांत, खोल जागा. पहिली आपल्याकडे आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिवाहक क्युबिट अनेक वर्षे बनत आहेत, आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुण्यातील डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या क्वांटम प्रयोगशाळेने त्याच संस्थेच्या सहकार्याने 6 क्युबिटच्या प्रक्रियकाची चाचणी पूर्ण केल्याचे जाहीर केले. टाटा संस्थेतच कथिलाच्या अतिशीत शोधकावरही काम झाले आहे, म्हणजे मिलिकेल्विन तापमानात कणांची ऊर्जा मोजण्याचा अनुभव आपल्याला परका नाही. खोल जागेचे म्हणाल तर झारखंडमधील जादूगोडा येथे युरेनियमच्या खाणीत सुमारे 550 मीटरवर एक लहान प्रयोगशाळा 2017 पासून आहे. युरेनियमच्या खाणीत किरणोत्सारापासून दूर जाण्यासाठी उतरावे, यातला विरोधाभास मला मजेदार वाटतो, परंतु म्युऑन अडवण्यापुरता तो खडकही उपयोगाचा आहे. तमिळनाडूतील बोडी टेकड्यांमधील न्यूट्रिनो वेधशाळा झाली असती, तर याहून बरी जागा मिळाली असती.

माझ्या मते आज खाणीत उतरण्याची घाई करू नये. जमिनीवर, आहे त्याच रेफ्रिजरेटरमध्ये, प्रकाशतंतूने ज्ञात तरंगलांबीचे मोजके फोटॉन चिपवर पाठवून तिने किती ऊर्जा टिपली याचे अंशांकन (कॅलिब्रेशन) करणे, हे काम अजून पुष्कळ बाकी आहे. दृश्य प्रकाशाचा एक फोटॉन सुमारे दोन इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो, तिथपर्यंत हे सोपे आहे. एका मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची खात्रीची ‘चिमूट’ चिपला कशी द्यावी, यावर मात्र डोके खाजवावे लागते.

शंकासुर

अंशांकनाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्यासोबत मला एक साधी चाचणी पाहायची आहे. एकाच रेफ्रिजरेटरमध्ये दोन चिपा ठेवाव्यात. दोन्हींवरचे क्युबिट आणि दोन्हींचा टेकण्याचा प्रकार तंतोतंत सारखा असावा, फक्त एकीच्या खालचा सिलिकॉन दुसरीच्या दुप्पट जाड असावा. जाड सिलिकॉनमध्ये फोनॉन निराळ्या वेळात पृष्ठभागाला पोहोचतील, त्याची दुरुस्ती कूपरची_जोडी म्हणतात तशा अंशांकनाने करावी लागेल. त्यानंतरही उरलेल्या घटनांचा दर सिलिकॉनच्या वजनाबरोबर दुप्पट झाला नाही, तर त्या घटना पृष्ठभागाच्या, धातूच्या किंवा टेकूच्या आहेत आणि कृष्णद्रव्याची चर्चा तिथेच थांबते. दर दुप्पट झाला, तर रेफ्रिजरेटरभोवती शिसे वाढवून तो घटतो का ते पाहावे. तोवर समविषमता उलटल्याच्या प्रत्येक नोंदीसमोर मी ‘कारण अज्ञात’ असेच लिहीन.